निळे गाल

खोलीत दोन टेबलं होती. बाबांच्या टेबलावर एक सत्तावीस इंची मॉनिटर, त्याच्या बाजूला जुना चोवीस इंची, चित्रं काढायचा पेन टॅबलेट (बाबा त्याला पाटीच म्हणतात), पाटीचं एक पेन, पेनाची झिजलेली सात टोकं एका काचेच्या डबीत, आणि एक दिवा. टेबलाखाली दादाने स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर: दोन डिस्क, पाच पंखे. पलीकडच्या टेबलावर दादाचे दोन मॉनिटर, एक आडवा आणि एक उभा, कारण दादा प्रोग्रामर आहे आणि त्याला एका नजरेत जास्तीत जास्त ओळी दिसायला हव्या असतात. कीबोर्ड तीन, त्यांतला वापरातला एकच. केबली एकोणतीस, त्यांतल्या चार कशालाच जोडलेल्या नव्हत्या. शिवाय भिंतीशी, खोक्यांत परत घातलेले दोन मॉनिटर आणि एक ग्राफिक्स कार्ड. गेल्या पाच महिन्यांत बाबांनी नापास केलेले.

बाबा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. तीस वर्षं झाली, त्यांतली चौदा कॉम्प्युटरवर. सध्याचं पुस्तक एका मुलीचं आणि तिने पाळलेल्या खारीचं, बत्तीस पानांचं. संपादिकेने ते दोनदा परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा एकच शेरा: मुलीचे गाल निळे आहेत. तिसऱ्यांदा शुक्रवारी द्यायचं होतं, आणि या वेळीही रंग चुकले तर रंगकाम दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार होतं. बाबांचं नाव राहिलं असतं, पण ‘रेखाटन’ या शब्दापुढे.

“रेखाटन म्हणजे सांगाडा,” बाबा म्हणाले. “सांगाड्याखाली माझं नाव नको.”

मॉनिटर पिवळट दाखवतोय, म्हणून नकळत निळा जास्त पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दादाने मॉनिटर बदलला, तो पुन्हा बदलला, मग कार्ड, मग दिवा. शेवटी त्याने हात टेकले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” तो म्हणाला.

“अंगण तूच सारवलंयस,” बाबा म्हणाले.

मी नुकतीच पदवी घेऊन घरी आले होते. बाबांचं म्हणणं मला तर्काला धरून वाटलं, आणि ते तपासायला सोपं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी रंगमापक दोन दिवसांसाठी मागून आणला. हे मुठीएवढं यंत्र पडद्यावर किंवा कागदावर ठेवलं की तिथला रंग आकड्यांत सांगतं. मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ते लावलं.

“आल्या शास्त्रीणबाई,” दादा म्हणाला. “चिमे, माझ्या मशीनला ताप आहे का बघ.”

मशीनला काही नव्हतं. पांढऱ्याचा आकडा ६४८० केल्विन आला. दिवसाच्या उजेडाचा पांढरा ६५०० धरतात. आकडा चढला की पांढरा निळसर होतो, उतरला की पिवळसर. खरा रंग आणि पडद्यावरचा रंग यांत सरासरी फरक ०.७ होता. दोनच्या खालचा फरक सहसा डोळ्याला कळत नाही. मी पुन्हा मोजलं. जुना मॉनिटर मोजला, दिवा मोजला, केबल बदलून मोजलं. सगळं जागच्या जागी होतं.

“लिहून दे,” दादा खुर्ची मागे ढकलत म्हणाला. “सही-शिक्क्यासकट. फ्रेम करून लावतो.”

मी यंत्र पडद्यावरून काढलं आणि मागे सरले. पडद्यावर मोजणीच्या चौकटीमागे बाबांचं चित्र उघडंच होतं. तोवर मी आकडेच बघत होते. चित्राकडे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मुलगी हसत होती, खार तिच्या खांद्यावर होती, आणि तिचा चेहरा गार पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसासारखा होता. ओठांभोवती जांभळट, कपाळ राखी, गाल निळे. थोडेसे नव्हे. मी त्या पडद्यासमोर एक तास वीस मिनिटं बसले होते.

“बाबा, हा गालाचा रंग कोणता धरलाय तुम्ही?”

“कोणता म्हणजे? गव्हाळ. त्यात थोडी जर्दाळूची झाक.” ते मान तिरकी करून बघू लागले. “छान उतरलाय, नाही?”

दादाचं हसू थांबलं. तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. पाच वर्षं तो याच खोलीत बाबांकडे पाठ करून काम करतो. आता त्याने चित्राकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

“बाबा, तुम्ही चेष्टा करताय का?”

“कसली चेष्टा?”

खालचे पंखे फिरत होते.

“डोळे मी दर दोन वर्षांनी तपासतो,” बाबा म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. “मुंगीएवढी अक्षरं वाचतो मी.”

दादाने फडताळातून बाबांची पुस्तकं काढली. गेल्या अकरा वर्षांतली नऊ. त्याने ती जमिनीवर वर्षांच्या क्रमाने, प्रत्येकाचं चेहऱ्याचं पान उघडून मांडली. मला यंत्र लावायची खरं तर गरज नव्हती, पण मी लावलं. मी फक्त पिवळ्या-निळ्याचा आकडा घेतला: शून्याच्या वर पिवळा, खाली निळा. पहिल्या पुस्तकातला गाल १८. मग १७, १७, १५, ११, ९, ४, १. मागच्या वर्षीच्या पुस्तकात उणे २. पडद्यावरच्या मुलीचा गाल उणे ७.

चार आकडा आलेल्या पुस्तकाला बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांनी ‘चांदण्यात भिजलेले चेहरे’ असं लिहिलं होतं; आईने ते कात्रण वहीत चिकटवून ठेवलंय. मीच होस्टेलमध्ये मैत्रिणींना ते पुस्तक दाखवून म्हणाले होते, ही आमच्या बाबांची खास निळाई. दादा म्हणायचा. आई म्हणायची. अकरा वर्षं घरातली तीन माणसं ती चित्रं बघत होती, आणि एकालाही शंका आली नव्हती.

बाबा गुडघे धरून खाली बसले. पहिलं आणि शेवटचं पुस्तक त्यांनी शेजारी शेजारी ओढलं.

“हे जुनं पिवळं पडलंय,” ते म्हणाले. “कागद आहे. अकरा वर्षांत पडायचाच.”

मी यंत्र जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या समासावर ठेवलं. मग नव्याच्या समासावर. जुना २, नवा १.

“कागद नाही, बाबा.”

“आकडे परत वाच. सगळे.”

मी वाचले. त्यांनी मधे अडवलं नाही. उणे सातापाशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि घातला नाही.

“मोतीबिंदू असेल,” दादा म्हणाला. त्याचा आवाज खालच्या पट्टीत गेला होता. “हळूहळू पिवळं होतं म्हणे डोळ्यातलं भिंग. अर्ध्या तासात काढतात हल्ली. त्यात एवढं काही नाही.”

“काढतील रे. शुक्रवारच्या आत काढतील का?”

बाबा माझ्याकडे वळले.

“इतकं सगळं मोजलंस. मला मोजता येईल?”

येत होतं. पडदे ओढून खोलीत अंधार करायचा, मॉनिटरवर फक्त एक राखाडी चौकोन ठेवायचा, आणि एका डोळ्यावर तळवा धरून चौकोन ना पिवळा ना निळा दिसेपर्यंत सरकपट्टी हलवायची. मग त्या चौकोनाचा आकडा यंत्राने घ्यायचा. आधी मी केलं: ६५४०. दादाने केलं: ६६१०. तो पट्टी सोडताना म्हणाला, “सोपं आहे, बाबा,” आणि खुर्ची बाबांकडे सरकवली.

“तुमच्यापेक्षा किती पुढे गेलं तर चालेल?” बाबांनी विचारलं.

“कशाला चालेल?”

“कामाला. प्रयोगात आधी ठरवतात ना, नंतर पळवाट नको म्हणून?”

ठरवतात. मी म्हटलं, एक हजार. खरं तर पाचशे म्हणायला हवं होतं.

“ठीक. दोन्ही डोळे हजाराच्या आत आले, तर पुस्तक मी पुरं करतो आणि शुक्रवारी नेऊन देतो. एक जरी बाहेर गेला, तर संपादिकेला फोन मी करणार. आत्ताच. तुम्ही दोघं मधे पडायचं नाही.”

दादाने पडदे ओढले. बाबांनी डावा डोळा झाकला आणि पट्टी हलवायला घेतली, पाटीवर रेघ मारताना धरतात तितक्या हलक्या हाताने. पाच वेळा. दर वेळी मी पट्टी वेगळ्याच जागी नेऊन ठेवत होते.

“उजवा डोळा,” मी म्हटलं. “सरासरी ७४८०.”

“तुझ्याहून?”

“नऊशे चाळीस जास्त.”

“आत आहे,” दादा म्हणाला.

बाबांनी हात बदलला. या वेळी ते हळू होते. एकदा त्यांनी पट्टी पुढे नेली, थांबले, थोडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे नेली. पडद्यावरचा चौकोन मला पावसाळी आभाळासारखा निळा दिसत होता, आणि बाबा म्हणाले, “हा. आता राखाडी झाला.”

त्यांच्या खुर्चीमागून दादा माझ्याकडे बघत होता. त्याने हात पालथा धरून सावकाश खाली नेला. कमी सांग. पुन्हा तसंच केलं. पाचवं मोजमाप झालं तेव्हा तो हात तसाच खाली धरून उभा होता.

बाबांनी डोळ्यावरचा तळवा काढला आणि टेबलावरचा फोन जवळ ओढून घेतला.

“वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं. डावा डोळा, पाच मोजमापांची सरासरी: ९८६० केल्विन. अधिक-उणे १४०.