रंगफिरी

हेर्दिसने दोफ्रीचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला, जुन्या नालेचे खिळे पकडीने एकेक उपटले आणि तोंडात धरलेले नवे खिळे जिभेने एका गालातून दुसऱ्या गालात सरकवले. घोडा शांत होता. त्याच्या डोक्याशी तिचा बाप उभा होता, सिगवाल्दी, वय वर्षे चौऱ्याहत्तर. एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात घोड्याचा डावा कान. कानाच्या कडेवरून त्याचा अंगठा फिरत होता, टोकाकडची खाच सापडली तिथे थांबला आणि मग त्याने कान सोडून दिला.

हेर्दिसने खिळे हातावर काढले.

"घरचाच घोडा आहे, बाबा. खूण कसली तपासतोस? चोरून आणलाय का?"

"खूण झिजते का ते बघतो."

"चौदा वर्षांत झिजली नाही ती आज झिजणार?"

"तू नाल ठोक. बडबड केलीस की तुझा खिळा वाकडा जातो."

खिळा सरळच गेला. आख्ख्या खोऱ्यात नाल ठोकण्यात हेर्दिसचा हात धरणारे कोणी नव्हते, हे सिगवाल्दीला माहीत होते आणि तो ते कधी बोलून दाखवत नसे. पण प्रश्नाला बगल मिळाली की हेर्दिसच्या डोक्यात किडा वळवळू लागे. लहानपणी तिने घड्याळ उघडले होते, मोठेपणी नवऱ्याचे कपाट. दोन्हींतून निघाले ते परत आत बसले नाही, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ती बापाच्या शेतावर राहायला आली.

या उन्हाळ्यात बापाचे वागणेच चौकशी करावी असे होते. प्रत्येक घोड्याचा कान चाचपायचा. वर्तमानपत्र आले की घडीही न मोडता चुलीपाशी ठेवायचे आणि म्हणायचे, "त्यात काही नसतं." आणि सर्वांत नवल म्हणजे, फेरफटक्याला निघाले की तिला पुढे घालायचे. ज्या माणसाने जन्मात कोणाच्या घोड्याची धूळ खाल्ली नाही, तो जूनपासून तिच्या मागे चालत होता. तिने आपल्या घोड्याला, लेत्तिरला, तोल्टवर घेतले, म्हणजे स्वाराच्या हातातला भरला पेलाही हिंदकळू नये अशा त्या संथ पळत्या चालीवर, की मागून दोफ्रीच्या टापा तेवढ्याच अंतरावर यायच्या.

याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला होता. सिगवाल्दी एकतीस वर्षे खोऱ्याचा डोंगरराजा होता. उन्हाळाभर वरच्या माळावर मोकळी सोडलेली घोडी आणि मेंढ्या सप्टेंबरात खाली हाकून आणायच्या, तेव्हा स्वारांच्या पुढे चालतो तो डोंगरराजा. धुक्यात वाट त्याची आणि नदीत उतार, म्हणजे घोडे पार जातील अशी उथळ जागा, तीही त्यानेच ठरवायची. तो जिथे घोडा घालेल तिथे मागचे सोळा जण न विचारता घोडे घालतात, कारण त्या पाण्यात उभे राहून चर्चा करता येत नाही. हा हाका येत्या शनिवारी होता. म्हातारा आपल्याला तयार करतोय, असे हेर्दिसला वाटत होते. ती कोणाला बोलली नव्हती. पण तिने नवे हातमोजे मात्र आणून ठेवले होते, आणि कोणी बघत नसताना ते दोनदा घालून पाहिले होते.

संध्याकाळी ती मोरीपाशी ब्रशने नखांतली काळी घाण काढत होती. सिगवाल्दी टेबलाशी बसून राय धान्याच्या भाकरीवर लोणी लावत होता. फोन वाजला. नदीकाठच्या शेतावरून ह्यालमार बोलत होता. हाक्याची सगळी जुळवाजुळव त्याच्याकडे असे आणि त्याचा आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"सिगवाल्दी, माझ्या गवतात एक घोडी घुसलीय. तुझी का?"

"कशी आहे?"

"काळी. चुलीच्या आतल्या बाजूसारखी. जवळ येऊ देत नाही, नाहीतर कानच बघितला असता. माझं सगळं डोकं मेंढरांचं, मला घोडी काय ओळखू येतात?"

"मोकळी काळी घोडी आमच्याकडे नाही," सिगवाल्दी म्हणाला. "घरी एक ग्रीमाच आहे, आणि ती अजून राखी आहे. महिनाअखेरीपर्यंत राखीच राहील. दुसरीकडे विचार."

हेर्दिसचा ब्रश बोटांवरच थांबला.

ग्रीमा रंगफिरी होती. अशी घोडी दर वर्षी आपला रंग बदलते. वसंतात केस झडले की अंग राखेसारखे आणि तोंड तेवढे काळे, मग थंडीची लव येऊ लागली की हळूहळू सगळीच काळी. सिगवाल्दीच्या घरात हा रंग त्याच्या आजोबांपासून चालत आला होता. काळे होण्याचा वायदा सप्टेंबरअखेरचा, हेही खरे होते. पण यंदा ऑगस्टातच डोंगरावर बर्फ पडले, घोड्यांना लव लवकर आली आणि दहा दिवसांपूर्वीच ग्रीमा काळीभोर झाली होती. सिगवाल्दी तिला रोज सकाळी खरारा करत होता. आजही केला होता, अर्धा तास.

"कोण होतं?" हेर्दिसने विचारले. सगळे ऐकले होते तरी विचारले.

"ह्यालमार. कुणाची तरी काळी घोडी आलीय त्याच्याकडे."

"मी बघून येते."

"आपली नाही ती."

"तरी बघते."

त्याने भाकरी खाली ठेवली आणि तिच्याकडे तोंड केले. तिच्याकडे म्हणजे ती जिथे मघाशी होती तिकडे. ती एव्हाना दाराशी पोचली होती.

लेत्तिरवर खोगीर चढवताना तिचे हात नेहमीचे काम करत होते आणि डोके भलतेच. वाटेला लागल्यावर तिने त्याला तोल्टवर घेतले आणि डोळे मिटले. कसे असते ते तिला पाहायचे होते. चार टापा एकेक करून ऐकू आल्या, मातीवर मऊ आणि खडीवर टणक. डावीकडून ओल्या गवताचा वास आला, म्हणजे खड्डा गेला. वारा उजव्या गालावर आला, म्हणजे टेकडीचा आडोसा संपला. हे सगळे इतके भरपूर होते याचे तिला आश्चर्य वाटले. आपण रोज याच वाटेने जातो आणि यातले काहीच आपल्या कानी पडत नाही. म्हातारा बिलंदर होता. घोड्या पाण्यावर आल्या की तो पाठमोरा बसून सांगायचा, ही सोल्का, मागे तिची शिंगरी, आणि हेर्दिस समजत होती की तो फुशारकी मारतोय.

मग नदीचा आवाज आला आणि तिच्याने डोळे मिटून राहवेना.

हिमनद्यांचे पाणी दुधट, त्यात तळ दिसत नाही. उतार ठरवायचा तो वरच्या लाटेवरून, तिच्या रंगावरून, कुठे पाणी गुळगुळीत आहे आणि कुठे चुण्या पडल्यात त्यावरून. जुलैच्या पुराने या भागात पात्र सरकले होते. एकतीस वर्षांचा उतार आता खोल डोह होता आणि नवा उतार खाली पन्नास पावलांवर. वरच्या अंगाला, जिथे शनिवारी घोडे उतरायचे, तिथेही असेच झाले होते. ती कान देऊन उभी राहिली. डोह आणि उतार यांचा आवाज तिला एकच ऐकू आला. तिला बापाचा भयंकर राग आला. आणि त्या रागाखाली दुसरे एक होते, त्याची तिला लाज वाटली. आपल्याला पुढे घालण्यामागे काही वेगळेच होते तर. हातमोजे आठवून तिचे कान तापले.

ह्यालमार कुंपणाशी मनगटावर तपकीर घेऊन उभा होता. ग्रीमाने हेर्दिसला पाहिले आणि ती आपण होऊन चालत आली.

"बघ, तुमचीच खूण," ह्यालमार कान उलगडून म्हणाला. "आणि म्हातारा म्हणतो आपली नाही."

"फोनवर नीट ऐकू आलं नसेल त्याला."

"सिगवाल्दीला? खोऱ्यापलीकडे मेंढी शिंकली तरी ऐकू येतं त्याला." त्याने तपकीर ओढली. "बरा आहे ना? शनिवार आहे म्हणून विचारतो."

"बरा आहे," हेर्दिस म्हणाली आणि घोडी घेऊन निघाली. खोटे बोलायला तिला कधीच जड जात नसे, आज गेले.

परतली तेव्हा उजेड अजून होता. सिगवाल्दी कुंपणाच्या तुटलेल्या तारेपाशी बसून गाठ मारत होता. बोटे तारेवरून चालत होती आणि मान दुसरीकडेच होती.

"दोन घोडी," तो न वळता म्हणाला. "मागचीला नाल नाही."

ती उतरली. तो उठून आला, ग्रीमाच्या मानेवरून हात नेत कानापर्यंत पोचला. खाच सापडल्यावरही त्याने कान सोडला नाही.

"काळी झाली?"

"झाली."

"कधी?"

"दहा दिवस झाले. यंदा बर्फ लवकर पडलं."

"हो की," तो म्हणाला. "बर्फाचा हिशेब मी धरलाच नाही."

"किती दिसतं तुला?"

"काचबिंदू आहे. शहरातला डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत यायचं नाही, आहे त्याला थेंब घाल. थेंब घालतो." तो घोडीच्या आयाळीत बोटे घालून उभा होता. "माझ्यासाठी सगळीच घोडी आता राखी आहेत, हेर्दिस. त्यातल्या त्यात सोय एवढीच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. जगातलं सगळं विचारतेस, तेवढं सोडून."

"आणि मला पुढे घालत होतास ते?"

"तुझ्या घोड्याचं अंग काळं आणि शेपूट पांढरं. तेवढं दिसतं मला. त्याच्या मागे जातो."

हेर्दिसला हसू आले, तेही वाईट प्रकारचे. उन्हाळाभर ती राजाची वारस म्हणून ताठ बसली होती आणि बाप घोड्याच्या शेपटामागे चालला होता.

"शनिवारी सोळा जण तुझ्यामागे पाण्यात उतरले असते," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती खोगिराचा पट्टा सोडत राहिली. "त्यात मीही असते."

"उतार मला पाठ आहे."

"तो उतार राहिला नाही. पात्र सरकलंय. तिथे आता डोह आहे."

सिगवाल्दीने नदीच्या दिशेने मान केली आणि ऐकले. मघाशी तिने ऐकले होते तसेच, पण पुष्कळ वेळ. हेर्दिसला एकदम वाटले की याला ऐकू यावे, डोह कुठे आणि उतार कुठे ते याने अचूक सांगावे आणि आपण खोटे पडावे. असे तिला इतक्या जोराने वाटले की तिने पट्टा हातातच धरून ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

ग्रीमाला कुंपणात सोडून ती घरात आली तेव्हा तो फोनपाशी उभा होता.

"ह्यालमारला लाव."

"जेवून घे आधी."

"आत्ता लाव. जेवलो तर लावणार नाही."

तिने आकडे दाबले आणि फोन त्याच्या हातात दिला. ह्यालमारचा आवाज स्वयंपाकघरभर झाला.

"पोचली का घोडी?"

"पोचली. ह्यालमार, शनिवारी मी पुढे नाही. दुसरा राजा शोध."

पलीकडे हसणे ऐकू आले. "परत गुडघा? गेल्या वर्षीही हेच सोंग केलंस आणि सगळ्यांच्या आधी वर पोचलास."

"गुडघा ठीक आहे."

"मग झालं काय?"

सिगवाल्दीने मोकळ्या हाताने टेबलाची कड शोधली आणि धरली. हेर्दिस पुढे झाली, पण त्याला हात लावायचे धाडस तिला झाले नाही.

"ग्रीमा काळी झाली," तो म्हणाला. "मला कळलं नाही."

हे घर, हा रंग आणि हा माणूस ह्यालमारला पन्नास वर्षे ठाऊक होते, आणि मेंढरांचे डोके असले तरी एवढे कळायला ते पुरेसे होते. पलीकडे त्याने खुर्ची ओढून तिच्यावर बसल्याचा आवाज हेर्दिसलाही ऐकू आला.