न टिपलेली ओळ

मी टीपकागद बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण माझ्यावर कोरी जागा आता फारशी उरलेली नाही.

नवा होतो तेव्हा मी गुलाबी होतो. वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोनं मला सामानातून परदेशी नेलं. दर आठवड्याला ती आईला पत्र लिहायची आणि ओल्या अक्षरांवर मला दाबायची. त्यामुळे तिची सगळी पत्रं मला पाठ, फक्त उलटी! पहिली ओळ ठरलेली : 'इकडील सर्व क्षेम.'

"अगं, युद्ध चालू आहे आणि क्षेम कसलं?" नवरा हसायचा.

"अहो, ते लिहायचंच असतं."

मग शहरावर बॉम्ब पडू लागले. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या आल्या. भोंगा झाला की ती टेबलाखाली शिरायची. वर दौत थरथरायची आणि तिच्याशेजारी मी. तिला चौथा महिना होता. बाळंतपणासाठी आई बोटीनं यायची म्हणत होती.

'येऊ नकोस, इथे रोज बॉम्ब पडतात,' तिनं लिहिलं. पण वकिलातीत पत्रं तपासणारा कारकून कात्री घेऊनच बसलेला. आईचं उत्तर आलं, ते तिनं मोठ्यानं वाचलं : "तुझं पत्र इतकं कुरतडलेलं कसं? घरात उंदीर झालेत वाटतं. अशा घरात बाळंतपण? मी येतेच!"

नवरा खो खो हसला. "मग नुसतं 'येऊ नकोस' एवढंच लिही."

"तेवढंच लिहिलं तर आई आधीची बोट पकडेल!" ती हसली नव्हती.

त्या दुपारी तिनं तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. चौथ्यात फक्त हवा, लोकरीचे मोजे आणि शेजारणीची मांजर. कात्रीला काहीच सापडलं नाही. मी मात्र अस्वस्थ झालो. पहिली ओळच नव्हती! वाटलं, विसरली. पण तिला सांगणार कसं? मला नुसती शाई पिता येते.

महिनाभर ती दारातल्या प्रत्येक पावलाला उठत होती. शेवटी आईचं पत्र आलं, तेही तिनं मोठ्यानं वाचलं : "पहिली ओळ दिसली नाही. समजले. मी येत नाही. तूच ये."

लिहिलेलं कापता येतं. न लिहिलेलं कोण कापणार?

ती मला घेऊन निघाली. निघताना नवऱ्याला म्हणाली, "दर पत्रात क्षेम लिहायचं. खरं असेल तरच."

"शपथ," तो म्हणाला. या वेळी तोही हसला नाही.

आता ती माहेरी आहे. लेक पाळण्यात आहे. येणारी पत्रं कोरडी असतात, त्यांतलं मला काही कळत नाही. तिच्या उत्तरांवरून मी अंदाज बांधतो. आज सकाळी तिनं मला इतकं जोरात दाबलं की मी फाटायचाच बाकी होतो. "तुमच्या या पत्रात ती ओळ नाही. विसरलात ना? विसरलो असं लिहा."

तुम्हीही कुणाला पत्रं लिहीत असाल. ती ओळ सवयीनं लिहू नका हो! कुणीतरी ती दोन्ही हातांत धरून वाचत असतं.

माझा एक कोपरा मी राखून ठेवलाय. तिच्या पुढच्या पत्राची सुरुवात 'अहो' अशी व्हावी, आणि पुढे तिनं त्या विसराळू माणसाला चांगलं पानभर रागवावं. मी सगळं टिपून घेईन.