जिराफाचा पत्ता

शिंपीमास्तर आत आले तेव्हा ताई कॅलेंडरमधल्या पुढच्या आठवड्याच्या नोंदी बघत होती. मास्तरांचे केस पिंजारलेले होते आणि टोपी डोक्यावर नसून काखेत होती.

"चौकातून आलो," ते म्हणाले. "टोपी उडाली. तिच्यामागे अर्धा रस्ता पळालो. या वयात. लोक काय हसले असतील ते असो."

"वारा सुटलाय?"

"नुसता सुटलाय? औषधवाल्याची पाटी खाली आलीय, ताई. तुमच्या या गल्लीत बसलं की जगात काय चाललंय ते कळतच नाही."

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचं ऑफिस एका गोदामाच्या मागच्या अंगाला होतं, दोन्ही बाजूंना उंच भिंती. बाहेर तारेवर वाळत टाकलेली फडकी जागची हलत नव्हती. मग तिने आजच्या नोंदीकडे पाहिलं. 'जिराफ, बाहेरच्या काचा.' नोंद हिरवी होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'वारा मंद. काम करायला हरकत नाही.'

आणि त्या जिराफावर या क्षणी तिचा धाकटा भाऊ दोराला लटकत होता.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुवायचा त्यांचा धंदा होता. धाकटा लाकडी पाटावर बसून गच्चीवरून दोराने खाली उतरायचा. गच्चीवर दोर सांभाळायला मामा असायचे. फोन घेणं, कामं लावणं हे ताईकडे. दोराला पावसाचं एवढं भय नाही, जेवढं वाऱ्याचं. पाट एकदा झुलायला लागला की माणूस काचेवर आपटतो, नाहीतर दोर कडेला घासत राहतो. पूर्वी ताई रोज सकाळी हवामान बघून फोन करायची आणि रोज भांडण व्हायचं.

"तुला झुळूक आली तरी वादळ वाटतं," धाकटा म्हणायचा.

म्हणून तिने कॅलेंडर हवामानाला जोडून टाकलं. त्यासाठी कोड लिहावा लागला नाही. पडद्यावर चौकटी असतात, त्या रेघांनी एकमेकींना जोडायच्या, एवढंच. पहिली चौकट थोड्या थोड्या वेळाने कॅलेंडर उघडते आणि येत्या आठवड्याच्या नोंदी, त्यांच्या जागांसकट, वाचते. दुसरी चौकट ती जागा हवामान सांगणाऱ्या सेवेला कळवते आणि तिथे वारा किती ते विचारते. तिसरी चौकट आलेला आकडा आपण ठरवलेल्या मर्यादेशी ताडून बघते. वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर असला की नोंद लाल होते आणि मामांच्या फोनवर भोंगा वाजतो. भोंगा वाजला की धाकट्याला वर ओढायचं, तिथे वाद नाही. हे त्यालाही पटलं होतं. "तुझ्याशी भांडण्यापेक्षा यंत्राचं ऐकलेलं बरं," असं म्हणाला होता. एकदोनदा भोंगा वाजलाही होता. तेव्हापासून सगळे निर्धास्त होते, आणि ताई सगळ्यांत जास्त.

तिने दुसरी चौकट उघडली. शेवटच्या खेपेला काय घडलं ते तिथे दिसत असे. तिथे लिहिलं होतं: 'जागा: जिराफ. सापडली नाही. त्याऐवजी घेतलेली जागा: ऑफिस.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

घराण्याचीच खोड होती ती. कुठल्याही इमारतीला तिच्या नावाने हाक मारायची नाही. उंच मानेची ती जिराफ. चौकोनी, पिवळी ती बिस्किटाचा पुडा. एक नुसतीच कुत्रेवाल्या बाई. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक, मग पत्ता लिहितोय कोण? कॅलेंडरमध्ये जागेच्या रकान्यातही तेच. चौकटी जोडताना एक प्रश्न आला होता, जागा सापडली नाही तर काय करायचं? ताईला तेव्हा काम लवकर उरकायचं होतं. तिने 'ऑफिस' निवडलं, आणि सगळं बिनबोभाट चालू लागलं. जिराफावर वारा किती, असं विचारलं की यंत्र या निवांत गल्लीतला वारा सांगत होतं.

तिने धाकट्याला फोन लावला. तो वाजत राहिला. फोन पिशवीत असणार, गच्चीवर. दोरावर फोन न्यायचा नाही हा नियम होता, खाली कुणाच्या डोक्यात पडला म्हणजे? मग मामांना लावला. तोही वाजत राहिला, आणि तेव्हा तिला आठवलं. मामा दोर सांभाळता सांभाळता लेकीशी तासन्‌तास गप्पा मारायचे. म्हणून धाकट्याने त्यांच्या फोनचे सगळे आवाज बंद करून ठेवले होते. एकच आवाज चालू होता. भोंग्याचा.

जिराफाच्या व्यवस्थापकाने फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. 'मीटिंगमध्ये आहे,' असा निरोप आला.

"मास्तर, स्कूटर आहे?"

"आहे की. कुठे जायचंय?"

"जिराफावर."

"कुठल्या जिराफावर?"

"नदीच्या पलीकडे," ताई म्हणाली. "पूल उतरल्यावर डाव्या हाताला जी उंच आहे ना, निमुळती. गच्चीवर जा आणि मामांना सांगा, त्याला वर घ्या. दुसरं काही बोलू नका."

मास्तरांनी टोपी टेबलावर ठेवली आणि गेले. पण पुलावर या वेळी गर्दी असते, हे दोघांनाही माहीत होतं.

यंत्राला खरा पत्ता दिला तर ते खरा वारा सांगेल आणि भोंगा वाजवेल. पण पत्ता ताईलाही येत नव्हता. चिमणीचा, म्हणजे भाचीचा, दात काढला होता तो डॉक्टर जिराफातलाच. तिने भावजयीला फोन केला.

"अगं, चिमणीच्या दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? त्यावरचा पत्ता हवाय."

"असेल कपाटात. तुमची दाढ दुखतेय का, ताई?"

"हो. म्हणजे, थोडी."

"तुमची दाढ तर गेल्या वर्षीच काढली." मग भावजयीने हळूच विचारलं, "हे आज जिराफावर आहेत ना?"

"आहे. तू चिठ्ठी शोध."

"इकडे खिडक्या वाजतायत मघापासून. मी म्हटलं, तुमचं कॅलेंडर बघत असेल."

"तू शोध गं. बोल नको, शोध."

कप्पा उघडल्याचा आवाज आला. कागद खसखसले. दुसरा कप्पा. ताईचे डोळे तिसऱ्या चौकटीवर खिळले होते. तीस. वारा तीसच्या वर गेला तर. खरा वारा कळायला खरी जागा हवी, हे बरोबर. पण आत्ता तिला वारा जाणून घ्यायचा नव्हता. तिला भोंगा वाजवायचा होता. आणि या गल्लीत वारा मंद होता, तरी तो अगदीच नव्हता असं नाही.

तिने तीस खोडलं आणि शून्य लिहिलं. 'आता चालवा' हे बटण दाबलं.

पहिली चौकट उजळली. दुसरी. तिसरीवर एक गोल फिरत राहिला. मग पडद्यावरची आजची नोंद लाल झाली, उद्याची झाली, आणि एकेक करत सगळा आठवडा लाल झाला.

"ताई," फोनमधून भावजय म्हणाली, "चिठ्ठी सापडत नाहीये."

"असू दे. फोन ठेवू नकोस."

दोघी फोन धरून बसल्या. एकमेकींचा श्वास ऐकू येत होता. ताईने बाहेर पाहिलं. फडकी तशीच होती, आणि तिला त्यांचा राग आला.

मग टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. मामा.

"काय गं पोरी, किती भोंगे? एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. माझ्या खिशात जणू मिरवणूक निघालीय."

"मामा, तो कुठेय?"

"हा काय, इथे. पहिल्याच भोंग्याला ओढायला घेतला. खाली आडोशाच्या बाजूला होता, त्याला काही जाणवत नव्हतं. शिव्या देत होता मला. कठड्यावरून डोकं वर काढलं आणि वाऱ्याने हेल्मेटच फिरवलं, तेव्हा गप्प झाला. पाट अजून कठड्याखालीच लटकतोय." त्यांनी फोन कठड्याकडे केला. "काचेवर आपटतोय, ऐक."

ताईने ऐकलं. वाऱ्याच्या घोंघाटात मधून मधून ठक्क असा आवाज येत होता. तिने दुसरा फोन तोंडाशी नेला. "आलाय वर," ती भावजयीला म्हणाली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. घरचंही कॅलेंडर तेच होतं, भावजयीच्या फोनवर दिसायचं. ती म्हणाली, "ताई, मंगळवारी चिमणीच्या वाढदिवसावर काय आलंय बघा. 'जोराचा वारा. काम थांबवा.'"

ताई हसली.

मास्तर टोपी न्यायला परतले तेव्हा ती कॅलेंडर मागे मागे सरकवत होती. जिराफ, हिरवा. बिस्किटाचा पुडा, हिरवा. पुन्हा जिराफ. जिथे नवं गिऱ्हाईक होतं आणि पत्ता लिहिला होता, तेवढेच दिवस खरे होते. बाकी सगळे दिवस धाकटा या गल्लीतल्या हवामानाच्या भरवशावर लटकला होता. तिने मर्यादा पुन्हा तीस केली. मग दुसऱ्या चौकटीतल्या त्या प्रश्नाशी आली. जागा सापडली नाही तर? तिने 'ऑफिस' काढलं आणि 'लाल' निवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकट्याचा फोन आला.

"ताई, इथे पान हलत नाहीये. आणि तुझं कॅलेंडर लाल."

"जागा काय लिहिलीयस?"

"कुत्रेवाल्या बाई."

"पत्ता लिही."

"आता तुला काय माहीत नाही का त्या कुठे राहतात? त्यांच्या कुत्र्याने तुझी ओढणी फाडलीय."

"मला माहितेय रे. त्याला नाही."

तो मामांच्या दिशेने ओरडला, "मामा, या बाईंच्या दारावर घराचा नंबर काय आहे, बघा जरा." दूरवर कुत्रं भुंकलं. ताई नोंद हिरवी होण्याची वाट बघत बसली, आणि हिरवी झाल्यावरही तिने दुसरी चौकट उघडून बघितली.