टेबलावर कधी न दिसलेलं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझा विषय ऐकूनच लोक दोन पावलं मागे सरतात. सेल्युलर ऑटोमेटा. घाबरू नका. चौकटींचा कागद घ्या, काही चौकटी काळ्या करा. प्रत्येक चौकट आपले शेजारी बघते आणि पुढच्या खेपेला काळं व्हायचं की पांढरं ते ठरवते. काळी चौकट एकटी पडली की विझून पांढरी होते, फार गर्दी झाली तरी विझते; पांढरीला नेमके तीन काळे शेजारी लाभले की ती काळी होते. एवढ्याशा नियमातून कागदावर नक्षी चालू लागते.

मला लिहिणारे गणिताचे मास्तर होते. प्रत्येक पान ते आधी भाचीला वाचून दाखवत. तिला जांभई आली की पान फाडून नव्यानं लिहीत. म्हणून मी सोपा झालो.

वाचनालयात सुरुवातीला माझ्यासाठी भांडणं होत. मग हळूहळू हात येईनासे झाले. धूळ मात्र नियमित येई.

एके दिवशी एक वेणीवाली मुलगी आली. कॉम्प्युटरवर शोधून ती वैतागली होती. कुठे नुसते नाचणारे ठिपके, कुठे पहिल्याच ओळीत अगम्य चिन्हं. "सगळे गच्चीच दाखवतात, जिना कुणी दाखवत नाही," असं पुटपुटत तिनं मला उघडलं आणि खाली बसकण मारली. मग ती रोज येऊ लागली. पेन्सिल चावत चौकटी भरायची आणि जाताना मला पुसून जागच्या जागी ठेवायची.

तिथेच घात झाला. आमच्याकडची रीत अशी, की वाचलेलं पुस्तक टेबलावरच सोडायचं. संध्याकाळी वाचनालयातल्या शिपाई मावशी टेबलावरच्या पुस्तकांवर खूण करून ती कपाटात लावत. ज्यावर खूण नाही, ते कुणी वाचत नाही, असा हिशेब. वर्षअखेरीला माझ्यावर 'रद्द'चा शिक्का बसला आणि मी रद्दीच्या गठ्ठ्यात गेलो. सुतळी पाठीत रुतत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्या जागी शेजारची पुस्तकं आडवी कलली होती. ती विचारायला गेली.

"ते कुणी वाचत नव्हतं गं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"मी वाचत होते. निम्मं झालंय."

"मग टेबलावर कधी दिसलं कसं नाही?"

"उचललेलं जागेवर ठेवावं, असं आई सांगते."

बाईंनी स्वतः वाकून गठ्ठ्याची सुतळी सोडली. "आईचं बरोबर आहे. आमचंच उफराटं. घेऊन जा बाळा, शिक्का बसलेलं आता कपाटात लावता येत नाही."

आता मी तिच्या उशाशी असतो. सुखात आहे, पण जीव रमत नाही. उद्या असंच कुणीतरी जिना शोधत येईल, कपाटावरून बोट फिरवेल. माझी फट तर बुजून गेली असेल.

म्हणून विनवतो मित्रांनो, वाचून झालं की आम्हाला थोडा वेळ टेबलावर राहू द्या. पसारा दिसेल. दिसू दे.