खंड्यानं गिळलेला गळ

उरणच्या खाडीवर काशीराम कोळी सकाळी होडीत बसून गळाला कोळंबी लावत होता. जरा पाठ वळली आणि खंड्यानं कोळंबी गळासकट गिळली. खंड्या त्याचा सात वर्षांचा कुत्रा. बायको गेल्यापासून काशीरामचं सगळं बोलणं त्याच्याशीच चाले.

कुत्र्याच्या तोंडातून दोरा लोंबत होता. शेजारच्या होडीतला एक जण तो ओढायला गेला, तसा काशीराम ओरडला, "हात लावू नको! आतून फाटंल."

सून मनिषानं रिक्षा बोलावली आणि दोघं त्याला नवीन पनवेलच्या प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन आले. एक्स-रेत दिसलं, गळ छातीजवळ अन्ननलिकेत रुतला होता.

"कापावा लागंल का?" काशीरामनं विचारलं.

"तसं न करता काढून बघू, काका," डॉक्टर समृद्धी म्हणाल्या. "कॅमेऱ्याची बारीक नळी तोंडातून आत घालायची. दोरा ओढला नाहीत, फार बरं केलंत."

भूल दिल्यावरही काशीराम खंड्याजवळून हलेना. शेवटी डॉक्टरांनी त्याला तिथंच उभं राहू दिलं. पडद्यावर ओलसर गुलाबी भिंत दिसली, तीत चमकणारा गळ. डॉक्टरांनी इवल्या चिमट्यानं तो धरून हलकेच ओढला. भिंतही सोबत ताणली गेली. त्या थांबल्या.

"मागं नको, बाई. टोकाला उलटा काटा हाय," काशीराम म्हणाला. "पुढं ढकला, मंग सुटंल."

"तेच करायचंय. पण तो कुठल्या अंगाला वळलाय, ते कळत नाहीये."

काशीरामनं खिशातून गळांची पुडी काढली. "ह्यातलाच हाय तो. बघा, टोक जरा डावीकडं मुरडलेलं."

डॉक्टरांनी गळ नीट निरखला. मग चिमटा पुढं सरकवला, किंचित फिरवला. गळ सुटला. त्यांनी तो कॅमेऱ्यावरून आत सरकवलेल्या जाड नळीत ओढून घेतला आणि नळीसकट बाहेर काढला. आत नुसता ओरखडा होता, भोक नव्हतं.

खंड्यानं डोळे उघडले, शेपटी जेमतेम हलली. काशीरामनं हात जोडले. डॉक्टरांनी ते हात धरले.

"काका, आज तुम्ही होतात म्हणून मला सोपं गेलं."

पाच दिवस खंड्याला पातळ पेज होती. मनिषा ओरडली तरी काशीरामही तीच प्यायला. सहाव्या दिवशी त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

"बाई, आमी दोघं होडीत हाव," तो म्हणाला आणि फोन खंड्याच्या तोंडाशी धरला.