दातांच्या डॉक्टरांची लेन्स

"कडं जरा डावीकडं फिरवा वहिनी. हां, आता बघा," भाऊ म्हणाले.

कलावतीने लेन्सवरचं कडं फिरवलं आणि रस्त्यापलीकडच्या गॅलरीत बसलेली बाई एकदम हाताच्या अंतरावर आली. बाई मान खाली घालून गहू निवडत होती. नाकातली मोरणी, कानामागून सुटलेली बट, खडा सापडल्यावर किंचित हललेला ओठ, सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि आपल्याकडे कुणी पाहतंय याचा बाईला पत्ताही नव्हता. कलावतीला कॅमेरा खाली घ्यावासा वाटेना.

भाऊंचं दुकान कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला, एका लॉजच्या जिन्याला लागून होतं. जुने कॅमेरे दुरुस्त करायचे, जमले तर विकायचे, हा त्यांचा धंदा.

"शहाडच्या एका साहेबांची आहे," भाऊ सांगू लागले. "हौस फिटली, देऊन टाकली. काच ट्यूबलाइटसमोर धरून बघा. आत बुरशी असली ना, तर बारीक मुळं पसरल्यासारखी दिसतात. तसली लेन्स फुकट मिळाली तरी घ्यायची नाय."

कलावतीने काच उजेडासमोर धरली. निवळशंख होती.

"शनिवारपर्यंत ठेवाल का?"

"ठेवतो. पण उल्हासनगरचा एक लग्नाचा फोटोवाला रोज चक्कर मारतोय. शनिवारच्या पुढं माझ्याच्यानं होणार नाय."

कलावतीला ही लांबची लेन्स का हवी होती, ते तिच्याशिवाय कुणाला नीट कळलं नसतं. वर्तकनगरच्या वसाहतीत ती राहायची. तिचा नवरा, उत्तम, एका कंपनीत फिटर होता. त्याच्या साहेबांनी रशियाहून आणलेला कॅमेरा विकायला काढला, तेव्हा तिने हट्टाने घ्यायला लावला. आधी वसाहतीतली हळदीकुंकवं झाली, मग बारशी, मग डोहाळजेवणं. "तू काढ बाई, तुझ्यासमोर लाजायला होत नाही," असं बायका म्हणायच्या. लग्नांत मात्र तिचं काही चालत नसे. व्हिडिओवाल्यांचे दिवे, फोटोवाल्यांच्या खुर्च्या, त्यांची रेटारेटी. माजिवड्याच्या एका लग्नात एकाने तिला दंडाला धरून बाजूला केलं होतं. "ओ बाई, हटा, फ्रेममध्ये येताय." नवरीची आई, जिने तिला बोलावलं होतं, ती पाहतच राहिली. त्या रात्री कलावती जेवली नाही. लांबची लेन्स असली की त्या गर्दीत शिरायलाच नको, मागच्या खुर्च्यांपाशी उभं राहून नवरीचा चेहरा टिपता येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वर्षभर भिशी भरली होती ती त्यासाठी.

शुक्रवारी दुपारी दारात दामाजी उभे होते.

दामाजी म्हणजे आवडाबाईचे यजमान. खाडीकडच्या कोळीवाड्यातून आवडाबाई मासळीची पाटी घेऊन वसाहतीत यायची. श्रावणात यायची थांबली. तिचा एकुलता मुलगा भिवाजी खाडीत गेला होता. होडी उलटली, बरोबरचे दोघे पोहून काठाला लागले, भिवाजी लागला नाही. शोधलं सगळीकडे. देह मिळाला नाही.

कलावतीने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. दामाजींनी खिशातून रुमालाची घडी काढली आणि उलगडली. आत एक फोटो होता. कबड्डीचा संघ, पुढे कप, मागे दोन रांगा.

"यो," दामाजींनी मागच्या रांगेतल्या कडेच्या पोरावर बोट ठेवलं. बोटाखाली तो पोरगा अख्खा झाकला गेला. "यो आमचा भिवा. येचा मोठा करून देशील का?"

कलावतीने फोटो खिडकीशी नेला. चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा होता.

"दुसरा नाही का काका? शाळेचा, रेल्वेच्या पासाचा?"

"शालंचा व्हता, पुरात गेला. पास कदी काढलाच नाय. स्टुडिओवाले बोलतात व्हनार नाय. आवडा बोलायची, ती वर्तकनगरची बाय बायकांचे फोटू ग्वाड काढते. म्हनून आलो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तिला नको सांगू. ती नाय बोलते. गावला नाय तो गेला कसा, बोलते. भित्तीवर लावायचा नाय, दिवा लावायचा नाय. रोज येचं ताट वाढते."

"मग तुम्हाला कशाला हवाय, काका?"

दामाजींनी रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"मना येचा चेहरा आठवंना झालाय," ते म्हणाले. "सकाली उठलो का आठवून बगतो. आंग आठवतं, चाल आठवते. चेहरा नाय येत."

ते गेल्यावर कलावतीने आपला कॅमेरा फोटोवर धरून पाहिला. जवळ गेलं की सगळं धुरकट व्हायचं. मागे आलं की भिवाजी पुन्हा मसुरीचा दाणा व्हायचा.

शनिवारी ती कल्याणला गेली. भाऊंनी लांबची लेन्स पुसून, डबीत घालून तयार ठेवली होती. कलावतीने आधी फोटो पुढे केला आणि सगळं सांगितलं.

भाऊंनी भिंगातून फोटो पाहिला. "ही तुमची लांबची लेन्स यात काही करणार नाय. ती लांबचं जवळ आणते, बारक्याचं मोठं नाय करत. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये रिंगा लावून बघता येईल, पण तुमच्या लेन्सला त्या घट्ट बसत नाहीत, हलतील." त्यांनी मागच्या कपाटातून एक बुटकी, काळी लेन्स काढली. "ही बघा. डोंबिवलीच्या एका दातांच्या डॉक्टरांची. पेशंटच्या दाढांचे फोटो काढायचे. ते वारले, बाईंनी आणून दिली. हिला तोंडात घाला म्हटलं तरी जाते, इतकी जवळ. लग्नात तशी काय कामाची नाय, खरं तेच सांगतो."

"केवढ्याला?"

"लांबच्या लेन्सएवढ्यालाच."

"दोन्ही..." कलावतीने वाक्य अर्धंच सोडलं. दोन्ही घेण्याएवढे पैसेच नव्हते. "भाऊ, उल्हासनगरवाले आज येणार?"

"संध्याकाळी."

बुटक्या लेन्समधून तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं. रेषा ओढ्यांसारख्या खोल दिसत होत्या. मग डोळा काढून तिने डबीतल्या लांबच्या लेन्सकडे एकदा पाहिलं.

"ही द्या," ती म्हणाली. "डॉक्टरांची."

लांबची लेन्स त्याच संध्याकाळी गेली. तसली लेन्स पुढे कलावतीकडे कधीच आली नाही.

घरी उत्तमने डोक्याला हात लावला. "अगं, वर्षभर जिचं नाव जपत होतीस ती सोडून हे काय घेऊन आलीस? एका फोटोसाठी?"

"हो."

"बरं, ते दामाजी पैसे तरी देणार आहेत का काही?"

"मी विचारलं नाही."

उत्तम चिडून गॅलरीत जाऊन बसला. पण कलावती टेबलावर डबे रचून त्यावर कॅमेरा टेकवायची खटपट करायला लागली आणि तो दोनदा घसरला, तेव्हा त्याला बघवेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्याने पंख्याचा जुना दांडा कापला, फळीवर उभा केला, त्याला पकड बसवली आणि कॅमेरा खाली तोंड करून घट्ट आवळला. "आता भूकंप झाला तरी हलणार नाही," तो म्हणाला. फोटोवर काच ठेवली, दोन बाजूंना दोन टेबल-दिवे लावले. दिव्यांची चमक काचेवर येऊ नये म्हणून ते पुन्हा पुन्हा सरकवावे लागले. रोलमधली निम्मी फिल्म त्या एका चेहऱ्यावर संपली.

नौपाड्यातल्या स्टुडिओत गणू नावाचा कारागीर होता, तो तिला अंधारखोली वापरू द्यायचा. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद बुडवला आणि दोघं वाकून बघत राहिले. आधी खांदा आला, मग गळ्यातला ताईत, मग हळूहळू चेहरा. एवढं मोठं केल्यामुळे फोटोत दाणे खूप दिसत होते. जसा काही चेहरा वाळूत काढलाय. पण नाक होतं, हनुवटीवरची खळी होती, डोळे होते.

"यार, हा कॅमेऱ्याकडे बघतच नाय," गणू म्हणाला.

खरंच. सगळा संघ समोर पाहत होता आणि भिवाजी एकटा उजवीकडे, फोटोच्या बाहेर कुठेतरी पाहत होता. ओठ जरा विलग होते. कलावतीला वाईट वाटलं. ज्या माणसाला चेहरा हवा होता त्याला आता पोराची बाजूला गेलेली नजर मिळणार होती.

कोळीवाड्यात ती भर दुपारी गेली. दामाजी घरी असतील असं तिला वाटलं होतं, पण ते जाळी घेऊन बंदरावर गेले होते. ओट्यावर आवडाबाई एकटीच सुकट निवडत बसली होती. कलावतीला बघून तिने हात थांबवला.

"ये बाय. बस." मग तिची नजर कलावतीच्या पिशवीवर गेली. "काय आनलंस त्यात?"

खोटं बोलावं असं कलावतीच्या मनात येऊन गेलं. पण तिला ते जमलं नाही.

"मावशी, भिवाजीचा फोटो आहे. काकांनी करायला सांगितला होता."

आवडाबाईने मान वळवली. "मना नको दाखवू. भित्तीवर गेला का संपला. मी येचा हार नाय घालनार."

"नका घालू. मी हारासाठी नाही आणला. काका आले की त्यांना देईन."

कलावती ओट्याच्या कडेला टेकली. आवडाबाईने पुन्हा सुकट निवडायला घेतली. खाडीच्या चिखलाचा वास येत होता. कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. बऱ्याच वेळाने खाली बघतच आवडाबाई म्हणाली, "केवढा केलास?"

"एवढा," कलावतीने हाताने दाखवलं.

"खऱ्या तोंडाएवडा?"

"थोडा लहान."

आवडाबाईने पदराला हात पुसले. पुसत राहिली. मग हात पुढे केला.

फोटो हातात घेऊन ती रडेल, किंवा हा माझा पोऱ्या नव्हेच म्हणून परत देईल, असं कलावतीला वाटलं होतं. आवडाबाई फक्त बघत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"यो बगतो कुटं?"

"काय माहीत, मावशी. सगळे समोर बघताहेत आणि हाच..."

"थांब गो." तिने कलावतीला थांबवलं. फोटो जरा दूर धरला. "मी व्हते तिकडं. वडाखाली. सगली पोरं कप घेऊन उभी आन मी हाका मारतंय, भिवा, जेवाला चल रे, भात निवला. सगली हासली याला." तिचा आवाज कुठेच चढला नाही. "माज्याकडं बगतो यो."

कलावतीने वाकून पुन्हा फोटोकडे पाहिलं.

तेवढ्यात दामाजी आले. बायकोच्या हातात फोटो बघून ओट्याच्या पायरीशीच थबकले. आवडाबाईने फोटो त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला, आणि मान हलवत राहिले. हो, हो, असाच. असाच होता.

"भित्तीवर नाय," आवडाबाई म्हणाली.

"नाय," दामाजी म्हणाले.

तिने फोटो आत नेला आणि मांडणीवर, कपबश्यांच्या शेजारी, हाताला येईल असा उभा केला. बाहेर आली तेव्हा कलावती निघायच्या बेतात होती.

"कॅमेरा हाय तुज्याकडं?" आवडाबाईने विचारलं.

"आहे की."

"मंग आमचा काढ. दोगांचा. नीट दिसंल असा. मागनं कोनाला भिंगं घेऊन शोधाया नको."

दामाजी लाजले. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले. आवडाबाईने केस पाण्याने चापून बसवले. दोघं ओट्यावर बसली, ती एका कडेला, ते दुसऱ्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून, कॅमेऱ्याकडे टक लावून. लग्नात, बारशांत अशा वेळी कलावती हमखास म्हणायची, जरा जवळ सरका. तिने डोळा लावला. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती.

तिने त्यांना सरकायला सांगितलं नाही. मधल्या जागेसकट दोघं मावावीत म्हणून तीच मागे सरकत गेली, पाठ समोरच्या घराच्या कुडाला लागेपर्यंत.