वाटीभर रस्सा

"मटणाच्या फोडी सगळ्या काढल्यात गं. नुसता रस्सा हाय," म्हणत मालनबाईंनी नातीच्या ताटात वाटी ठेवली.

धुळवडीचं जेवण. हडपसरच्या त्या घरात सकाळपासून मटणाचा वास सुटला होता आणि दीपालीच्या ताटात सासूबाईंनी आठवणीनं नळी वाढली होती. मटण म्हणजे दीपालीचा जीव की प्राण. नेमकी तिच्याच पोटी ही मुक्ताई! सहा-सात वर्षांची असताना 'मी मटण खाणार नाही' म्हणाली, ते आजतागायत. मग दर सणाला दीपाली कोथरूडहून भेंडीचा डबा घेऊन यायची आणि लेकीच्या वतीनं सासरच्यांशी भांडायची. या खेपेला मात्र निघतानाच पोरीनं बजावलं होतं, "आई, डबा नको. आणि तू बोलायचं नाहीस. मी बघते."

काल पुरणपोळीपर्यंत सगळं गोड चाललं होतं. आज दीपालीचा जीव टांगणीला लागला. पोरगी रडली किंवा उर्मटपणे बोलली, तर आईनंच बिघडवली हे ठरलेलं.

"आजी, रस्सापण नको," मुक्ताई म्हणाली.

मालनबाईंचा चेहरा एवढासा झाला. दीपालीचे मोठे दीर भीमराव अशी संधी थोडेच सोडणार! "मुक्ताई नाव ठेवलंत तिथंच चुकलं. आता गळ्यात माळ घाला अन् पाठवा आळंदीला."

सगळे हसले. दीपालीच्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. तिनं नळी तोंडात धरली.

मुक्ताई उठली. वाटी दोन्ही हातांनी सांभाळत भीमरावांपाशी गेली. "काका, तुम्हाला वाढू? आजी पहाटेपासून राबतीये. वाया नको जायला."

भीमरावांनी ताट पुढं केलं.

मग ती आजीला खेटून बसली. "तुझं वाटण मला आवडतं गं. फक्त मटण नको. वाटण उरलंय का?"

मालनबाई तडक उठून आत गेल्या. रागावल्या, असं दीपालीला वाटलं. तेवढ्यात आतून फोडणी चरचरली. बऱ्याच वेळानं त्या छोटी कढई घेऊन बाहेर आल्या. त्याच काळ्या वाटणाचा रस्सा, आत बटाट्याच्या फोडी.

"कढई घासून घेतलीय. डावबी येगळा हाय," त्या नातीला म्हणाल्या.

मुक्ताईनं भाकरी कुस्करली. पहिल्याच घासाला नाका-डोळ्यांतून पाणी आलं. "भारी झालंय, आजी!"

दीपालीचा ऊर भरून आला. इतकी वर्षं आपण भांडभांड भांडलो आणि पोरीनं नुसतं मागून घेतलं. आपली लेक आहे ही, असं सगळ्या पंगतीला ओरडून सांगावंसं तिला वाटलं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

रस्स्याचा वास भीमरावांपर्यंत पोचला. त्यांनी वाटी पुढं केली. "आये, मलाबी वाढ की थोडा."

मालनबाईंनी कढई स्वतःकडे ओढून घेतली.

"तुझा तिकडं पातेल्यात हाय. हा तिचा हाय."